आधी अंग निवू द्या, मग विषय काढा: नवरा-बायकोच्या भांडणाचा क्रम

रागावर ताबा ठेवा, हा सल्ला अक्षता पडल्यापासून सगळेच देतात. तो ठेवायचा कसा, हे मात्र कुणी सांगत नाही. त्यामुळे सांगली-मिरजेच्या फ्लॅटमध्ये काय किंवा तासगावकडच्या वस्तीवर काय, बहुतेक जोडपी दोनच गोष्टी करतात. एक तर डोकं तापलेलं असतानाच विषयाचा निकाल लावायला बसतात. नाहीतर राग गिळतात आणि त्यालाच समजूतदारपणा म्हणतात. "काय झालंय?" "काय न्हाई." आणि मग त्या "काय न्हाई"वर चार दिवस ताटं मुकाट वाढली जातात.

दोन्हीकडे चुकतो तो क्रम. आधी शरीर, मग भावना, मग पहिलं वाक्य आणि सगळ्यात शेवटी विषय. पुढचे टप्पे याच क्रमानं करायचे आहेत. मधला टप्पा गाळला तर पुढचा जमत नाही.

राग गिळण्याबद्दल आधीच एक गोष्ट सांगून ठेवतो. २००३ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. अनोळखी बायकांच्या जोड्यांना मन विषण्ण करणारी फिल्म दाखवली आणि त्यावर एकमेकींशी बोलायला सांगितलं. काही जोड्यांत एकीला गुपचूप सांगितलं होतं की चेहऱ्यावर काहीही दिसू द्यायचं नाही. तिचं शरीर ताणात राहिलंच, पण समोरच्या बाईचाही रक्तदाब वाढला. दाबलेला राग घरातल्या दुसऱ्या माणसाला कळतो, फक्त कशाचा आहे ते कळत नाही.

हा लेख कुणासाठी नाही

घरात मारहाण होत असेल, जोडीदाराची भीती वाटत असेल, पैसे अडवले जात असतील किंवा घराबाहेर पडू दिलं जात नसेल, तर खालचं काहीही करत बसू नका. तिथे बोलण्याची पद्धत सुधारून काही होत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात शारीरिक छळाबरोबर मानसिक आणि आर्थिक छळही येतो. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. जीव नकोसा झाला असेल, झोप उडाली असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावा. मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

टप्पा १: तयारी, तीही भांडण नसताना

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात, कारण घरात बरं चाललेलं असताना हा विषय काढायला कुणाला आवडत नाही. "आज कशाला उकरून काढायचं?" आजच काढायचं. पुराची तयारी कोणी पाणी दारात आल्यावर करत नाही.

पुराचंच उदाहरण खरोखर घ्या. सांगलीच्या गावभागात किंवा नदीकडच्या गल्लीत राहणाऱ्यांना कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजली जाणारी पाण्याची पातळी तोंडपाठ असते: ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ च्या महापुरानंतर पाऊस लागला की कितीतरी घरांत नवरा-बायकोची जुंपते. एक म्हणतं आताच निघू, दुसरं म्हणतं उगाच घाबरतेस. दोघंही घाबरलेलीच असतात. अशा घरानं मे महिन्यात शांतपणे बसून ठरवून टाकावं: पाणी किती फुटांवर गेलं की सामान माळ्यावर, किती फुटांवर गेलं की म्हाताऱ्या माणसांना विश्रामबागेतल्या पाहुण्यांकडे, आणि गाडीची चावी कुणाकडे. हे कागदावर आलं की त्या रात्री वाद घालायला विषयच उरत नाही. भावना आवरण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे त्या भडकणार ती वेळ आधीच ओळखून तिथली व्यवस्था बदलणं.

अशा वेळा प्रत्येक घराच्या ठरलेल्या असतात. द्राक्षबाग असेल तर फळछाटणीनंतरचे दिवस, विशेषतः वेल फुलोऱ्यात असताना पावसाचं वातावरण झालं की. रात्री-अपरात्री फवारणी करून आलेल्या माणसापुढे मुलाच्या क्लासच्या फीचा विषय काढला तर काय होणार ते सांगायला नको. मार्चएंड आला की गावच्या विकास सोसायटीच्या कर्जाचं नवं-जुनं, म्हणजे जुनं फेडून नवं उचलणं, करायचं असतं, तेव्हाही तसंच. नोकरदार घरांत ती वेळ संध्याकाळी सात ते साडेआठची: दोघं दमून आलेली, पोरं भुकेली, कुकर व्हायचाय. कॅलेंडरवर या वेळा खूण करून ठेवा आणि त्या वेळेत मोठा विषय काढायचा नाही असं ठरवा.

मग तीन गोष्टी दोघांनी मिळून ठरवायच्या.

पहिली, थांबण्याची खूण. एखादा साधा शब्द किंवा हाताची खूण, जी कुणीही केली तरी बोलणं तिथल्या तिथे थांबेल. "थांबू या" पुरतं. टोमणा वाटेल असा शब्द निवडू नका.

दुसरी, परत येण्याचा नियम. थांबताना तीन गोष्टी सांगायच्याच: मी थांबतोय, कुठे जातोय आणि किती वाजता परत बोलणार. "मी गच्चीवर जातो, नऊला खाली आलो की बोलू." जो थांबला त्यानंच नऊ वाजता विषय सुरू करायचा. हा नियम नसेल तर थांबणं म्हणजे निघून जाणं होतं आणि मागे राहिलेल्या माणसाचा राग दुप्पट होतो.

तिसरी, जागा. एकत्र कुटुंबात बोलायला खोली नसते, असली तरी भिंती पातळ. गच्ची, मळ्याचा बांध, रात्री जेवणानंतरची चक्कर, कृष्णेचा घाट, काहीही चालेल. चालता चालता बोललेलं बऱ्याच पुरुषांना समोरासमोर बसण्यापेक्षा सोपं जातं, असं माझं निरीक्षण आहे. मोटारसायकलवर मात्र नको. मागे बसलेल्याचं निम्मं ऐकू येत नाही आणि पुढच्याचं लक्ष रस्त्यावर राहत नाही.

*तपासा:* खूण, परतीची वेळ आणि जागा, या तिन्ही गोष्टी जोडीदाराला न विचारता सांगता येतात का? येत नसतील तर अजून ठरलेलं नाही.

टप्पा २: शरीर पकडा

राग डोक्यात पोचायच्या आधी अंगात येतो. कुणाचे कान तापतात, कुणाचा जबडा आवळतो, कुणाची भांडी आपटायला लागतात. आपली खूण कोणती ते स्वतःला बहुतेक कळत नाही, जोडीदाराला बरोबर माहीत असतं. विचारून घ्या, पण भांडण नसताना.

मोजता येईल असं एक माप आहे. मनगटावर अंगठ्याच्या खालच्या बाजूला दोन बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारनं गुणा. जोडप्यांच्या भांडणांवर अनेक वर्षं काम केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन मिनिटाला साधारण १०० ठोक्यांची रेघ सांगतात. त्याच्या वर गेलेला माणूस ऐकत नाही, ऐकण्याच्या अवस्थेतच नसतो. समोरच्याचं साधं वाक्यही हल्ला वाटतं, विनोद कळत नाही, आणि तेच तेच वाक्य पुन्हा पुन्हा तोंडात येतं. तुम्ही तिसऱ्यांदा तेच म्हणत असाल तर नाडी न मोजताही समजा.

*सावधान:* रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी मुद्दाम मंद ठेवतात. त्या चालू असतील तर आकड्यावर विसंबू नका, कान-जबडा-आवाज पाहा.

टप्पा ३: थांबा, पण वेळ नीट वापरा

खूण केली, वेळ सांगितली, बाजूला गेलात. आता कमीत कमी २० मिनिटं. रागाच्या भरात रक्तात उतरलेली रसायनं निवळायला एवढा वेळ लागतोच. पाच मिनिटांत "झालो शांत" म्हणून परत येणारे पुन्हा तिथूनच सुरू करतात. उलट बाजूनं, एका दिवसापेक्षा जास्त लांबवू नका. तो अबोला होतो.

या २० मिनिटांत लोक काय करतात? उत्तराची तयारी. "आता गेलो की असं म्हणतो." मनातल्या मनात भांडण चालूच ठेवलं तर नाडी खाली येत नाही, आणि २० मिनिटं वाया जातात. तसंच माहेरी फोन लावायचा नाही, व्हॉट्सॲपवर खोचक स्टेटस ठेवायचा नाही, गाडी काढून भरधाव निघायचं नाही. "जरा बसून येतो" म्हणून बारमध्ये गेलेल्या माणसाचं त्या रात्री शांतपणे बोलणं होणार नाही, हे दोघांनीही मान्य करून टाकावं.

करायचं काय, तर श्वास मोजा. आत घेताना चार, सोडताना सहा. मिनिटाला सहाएक श्वास होतील इतकं सावकाश. पाच मिनिटं पुरतात. उरलेला वेळ हाताला काम द्या: झाडांना पाणी, कपड्यांच्या घड्या, गोठ्यातलं काम. लक्ष विषयावरून हटलं पाहिजे, एवढाच हेतू.

एकत्र कुटुंबात एक अडचण हमखास येते. सून गच्चीवर गेली की सासू विचारते, "काय गं, काय झालं?" त्याचं उत्तरही आधीच ठरवून ठेवा. "डोकं चढलंय जरा आत्या, येते वीस मिनिटांत." यात खोटं काही नाही आणि तिसरं माणूस आतही येत नाही. मुलानंही आईला तेच सांगायचं. बायकोची तक्रार आईपुढे आणि नवऱ्याची तक्रार बहिणीपुढे मांडली की नवरा-बायको दुसऱ्या दिवशी विसरतात, पण ज्यांनी ऐकलं ते वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

*तपासा:* परत जाण्याआधी पुन्हा नाडी. आणि एक प्रश्न: समोरच्याच्या बाजूनं एक तरी वाक्य म्हणता येतंय का? येत नसेल तर आणखी दहा मिनिटं मागून घ्या, तसं सांगून.

टप्पा ४: रागाखाली काय आहे त्याला नाव द्या

राग बहुधा वरचा थर असतो. खाली भीती असते, कमीपणा असतो, थकवा, धास्ती, हिरमोड, घुसमट. नुसतं "मला राग आलाय" म्हणून पुढे जाता येत नाही, कारण त्यावर करायचं काय ते कळत नाही. "धास्ती वाटतेय" म्हटलं की कशाची, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २००७ साली मेंदूच्या चित्रणावरून दिसलं की भावनेला शब्दात नाव दिलं की मेंदूतला भीती-संतापाशी निगडित भाग शांत होतो.

कल्पना करा. द्राक्षाचा माल गेलाय, व्यापाऱ्याचे पैसे ठरल्या दिवशी आलेले नाहीत आणि त्याचा फोन लागत नाही. घरी आल्या आल्या नवरा मुलाच्या हातातल्या मोबाइलवरून बायकोवर घसरतो: "तुझंच लक्ष न्हाई पोराकडं." ती मोबाइलबद्दल उत्तर देते. तासभर मोबाइलवर भांडण होतं. व्यापाऱ्याचं नावही निघत नाही. त्यानं गोठ्याकडे जाऊन स्वतःला एवढंच विचारलं असतं की नक्की कशाची भीती वाटतेय, तर आत येऊन म्हणाला असता, "पैसे बुडतात का काय, याची धास्ती बसलीय मला." या वाक्यावर भांडण होत नाही.

शब्द सुचत नसेल तर कागदावर तीन ओळी लिहा. फोनवर लिहिलंत तर चुकून पाठवण्याचा धोका असतो, म्हणून कागद.

टप्पा ५: पहिलं वाक्य

बोलणं पहिल्या तीनेक मिनिटांत जसं सुरू होतं, बहुतेक तसंच संपतं. म्हणून पहिलं वाक्य घडवून घ्या. त्यात तीन गोष्टी हव्यात: काय घडलं, मला काय वाटलं, मला काय हवंय.

चुकीचं: "तुमचं नेहमीचंच हाय, माणसांत माझी किंमतच ठेवत न्हाई."
बरोबर: "काल पाहुण्यांसमोर तुम्ही मला मधेच थांबवलंत. मला कमीपणा वाटला. चुकत असेन तर नंतर सांगा, पण तिथे बोलू द्या."

चुकीचं: "तुझ्या आईनं शिकवलंय वाटतं असं बोलायला."
बरोबर: "माझ्या बहिणीला पैसे दिले हे तुला नंतर कळलं म्हणून तू चिडलीस, बरोबर? मला तेव्हा विचारायची भीती वाटली. आता हिशोब दोघं बसून बघू."

इथे एक चलाखी फार चालते. "मला असं वाटतं की तुम्ही बेजबाबदार आहात." वाक्याची सुरुवात "मला वाटतं"नं झाली म्हणून ती भावना होत नाही, शिवीच राहते.

गॉटमन यांनी चार सवयी घातक म्हणून सांगितल्या आहेत: स्वभावावर टीका, तुच्छतेनं बोलणं, प्रत्येक गोष्टीत स्वतःचा बचाव आणि भिंतीसारखं गप्प होणं. त्यातली तुच्छता सर्वांत वाईट. आपल्याकडे ती थट्टेच्या वेषात येते. चारचौघांत बायकोच्या शिक्षणावर, नवऱ्याच्या पगारावर कुजकट बोलायचं आणि वर "मज्जा केली गं" म्हणायचं. ऐकणारा हसला नाही तर ती मज्जा नव्हती.

ऐकणाऱ्याचं काम वेगळं. उत्तर देण्याआधी ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं: "म्हणजे पाहुण्यांसमोर थांबवलं त्याचं वाईट वाटलं, असंच ना?" समोरच्यानं "हो" म्हटल्याशिवाय स्वतःची बाजू मांडायची नाही. सुरुवातीला हे नाटकी वाटतं. वाटू द्या.

एका बैठकीत एकच विषय, अर्ध्या तासाच्या आत. "आणि त्या वेळी पण तू..." हे आलं की थांबण्याची खूण करा.

*सावधान:* खानापूर-आटपाडीकडच्या गलाई व्यवसायातल्या, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्या, घरांत नवरा दूर परराज्यात असतो आणि सगळा संसार फोनवर चालतो. तिथे नाराजीचा विषय लिखित मेसेजनं काढू नका. आवाज नसल्यामुळे साधं वाक्यही कडक वाचलं जातं. "दुकान बंद झाल्यावर बोलायचंय, तब्येतीचं काही नाही" एवढा मेसेज पाठवा. दुसरा अर्धा भाग विसरू नका.

शांत व्हायचं ते बाईनंच का?

२०१४ साली लिअन ब्लॉक, क्लॉडिया हासे आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मध्यमवयीन आणि वयस्क अशा ८० हून अधिक अमेरिकी जोडप्यांना त्यांनी १३ वर्षं पाहिलं. भांडण पेटल्यावर बायको लवकर सावरत असेल तर त्या घरात समाधान जास्त दिसलं. नवऱ्याच्या सावरण्याचा तेवढा परिणाम दिसला नाही. हे वाचून "बघा, बाईनं सोसलं की संसार होतो" म्हणणारे लगेच भेटतील. त्या अभ्यासातला पुढचा भाग त्यांनी वाचलेला नसतो: काळाच्या ओघात समाधान वाढलं ते सावरलेल्या बायका स्पष्टपणे आणि तोडगा काढायच्या दृष्टीनं बोलू लागल्या त्या वाटेनं. सावरणं आणि मग बोलणं. टप्पा ३ वर थांबून टप्पा ५ कधीच न येणाऱ्या घराबद्दल तो अभ्यास काही चांगलं सांगत नाही. शिवाय ती जोडपी जुन्या पिढीतली, दुसऱ्या समाजातली. आपल्या घरात ज्याचा आवाज मोठा, त्यानं आधी शिकावं, असं माझं मत आहे.

टप्पा ६: डागडुजी, आणि काय सोडून द्यायचं

बोलता बोलता घसरणारच. तेव्हा लहानसं वाक्य पुरतं: "चुकीचं बोललो, परत सांगतो." किंवा चहा ठेवणं. दुसऱ्यानं ते स्वीकारायचं असतं, हे जास्त अवघड. "आता आलास होय चहा घेऊन" म्हटलं की पुढच्या वेळी चहा येत नाही.

प्रत्येक विषय संपला पाहिजे हा हट्टही सोडा. गॉटमन यांच्या अभ्यासात जोडप्यांचे जवळजवळ ६९ टक्के वाद कायमचे निघाले, म्हणजे स्वभावातून आणि घरच्या वळणातून आलेले. एकाला पैसे साठवायचेत, दुसऱ्याला पाहुणचारात हात आखडता नको. हे वीस वर्षांनीही तसंच राहील. अशा विषयावर महिन्याची रक्कम ठरवा, तोडगा शोधू नका.

टप्पा ७: बऱ्या दिवसांतलं काम

रोजचं काम एकच. जोडीदार चांगली बातमी घेऊन आला की हातातलं ठेवून दोन प्रश्न विचारा. "बचतगटाचं कर्ज मंजूर झालं" याला "बरं" हे उत्तर नव्हे. "कुणी सांगितलं? आधी काय घ्यायचं ठरवलंय?" मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांच्या २००४ च्या अभ्यासात चांगल्या बातमीला मिळणारा असा प्रतिसाद आणि नात्यातलं समाधान यांचा संबंध दिसला.

वर्षाचं काम थोडं वेगळं. मानसशास्त्रज्ञ एलाय फिंकेल आणि सहकाऱ्यांनी १२० जोडप्यांवर केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिलं वर्ष सगळ्यांचं समाधान हळूहळू उतरत होतं. दुसऱ्या वर्षी निम्म्या जोडप्यांना दर चार महिन्यांनी सात मिनिटं लिहायला लावलं. तीन वेळा, मिळून वर्षाला २१ मिनिटं. लिहिणाऱ्यांची उतरण थांबली, इतरांची चालू राहिली.

कृती अशी. दोघांनी वेगवेगळं बसून, गजर लावून लिहायचं:

१. अलीकडचं सर्वांत मोठं भांडण, दोघांचंही भलं इच्छिणाऱ्या तिसऱ्या माणसाच्या नजरेतून. त्याला यात चांगलं काय निघेल असं वाटेल?
२. ऐन भांडणात ही नजर ठेवायला मला काय आड येतं?
३. पुढच्या चार महिन्यांत ती कशी ठेवेन?

तिसरं माणूस निवडताना सासूही नको, आईही नको. दोन्ही घरांच्या बाहेरचं, पंचासारखं कुणीतरी मनात आणा. एकमेकांचं लिहिलेलं वाचायचं नाही. पहिल्याच वेळी लोक हे वाचायला मागतात आणि त्यावरूनच नवं भांडण होतं. महाशिवरात्र, आषाढी आणि दिवाळीनंतरचा रविवार, अशा तीन तारखा धरल्या तर अंतर साधारण बरोबर पडतं आणि लक्षातही राहतात. घरात द्राक्षं असतील तर महाशिवरात्रीच्या सुमाराला काढणी चालू असते. त्यांनी ती तारीख काढणीची घाई नसलेल्या जवळच्या रविवारी घ्यावी आणि आजच फोनमध्ये गजर लावून ठेवावा.